कार्यालय स्थलांतरातील माहिती तंत्रज्ञान नियोजन

कार्यालय स्थलांतरातील माहिती तंत्रज्ञान नियोजन म्हणजे एखादी कंपनी किंवा संस्था एका जागेतून दुसऱ्या जागेत जात असताना तिचे संगणकीय जाळे, सर्व्हर, इंटरनेट जोडण्या, दूरध्वनी, राखीव वीजव्यवस्था आणि साठवलेली माहिती कामकाजात शक्य तितका कमी खंड पडू देऊन नव्या ठिकाणी उभी करण्याची आखणी होय. टेबल-खुर्च्या, कपाटे व फायली हलवण्याचे काम एक-दोन दिवसांत उरकते. इंटरनेटची समर्पित वाहिनी मिळण्यास मात्र कित्येक आठवडे, प्रसंगी काही महिने लागतात. म्हणून स्थलांतराचा दिवस सर्वांत संथपणे होणाऱ्या तांत्रिक कामावरून मागे मोजत ठरवावा लागतो.

या कामात कंपनीचा माहिती तंत्रज्ञान विभाग, प्रशासन विभाग, अंतर्गत सजावट करणारा वास्तुविशारद, वीज कंत्राटदार, इमारतीचे व्यवस्थापन आणि दूरसंचार सेवा पुरवठादार असे अनेक घटक गुंतलेले असतात. जागेचा करार झाल्यानंतर, किंबहुना फर्निचरचे आराखडे मंजूर झाल्यानंतर, माहिती तंत्रज्ञान विभागाला कळवले जाणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. स्थलांतरातील बहुतेक तांत्रिक अडचणींचे मूळ या उशिरात सापडते.

पार्श्वभूमी

मुंबईत फोर्ट व नरिमन पॉइंट हा कार्यालयांचा पारंपरिक परिसर होता. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल, लोअर परळमधील गिरण्यांच्या जमिनी, अंधेरी आणि नवी मुंबईतील ऐरोली या भागांकडे कार्यालये सरकत गेली. पुण्यात हिंजवडी, खराडी व मगरपट्टा ही नवी केंद्रे झाली. २०१० साली वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स सुरू झाल्यावर ऑपेरा हाउस परिसरातील हिरे व्यापाऱ्यांच्या असंख्य पेढ्या तेथे गेल्या. एका पेढीत मोजकेच संगणक असले, तरी त्या प्रत्येकीला नवी इंटरनेट जोडणी, नवे दूरध्वनी व नवी सुरक्षा व्यवस्था लागली.

स्थलांतर नेहमी ठरवून होते असे नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीनंतर अनेक विभागांना अन्य इमारतींतून काम सुरू करावे लागले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे कार्यालये काही दिवसांतच कर्मचाऱ्यांच्या घरी विखुरली. अशा अवचित स्थलांतरात आयत्या वेळी आखणी करता येत नाही. माहितीची राखीव प्रत दुसऱ्या ठिकाणी आधीपासून ठेवलेली असणे एवढाच आधार तेव्हा उरतो.

तारीख आणि इंटरनेट वाहिनी

व्यावसायिक वापरासाठी घेतली जाणारी समर्पित वाहिनी लीज्ड लाइन या नावाने ओळखली जाते. तिची मागणी नोंदवल्यावर पुरवठादार प्रथम त्या इमारतीपर्यंत आपली प्रकाशतंतू केबल पोहोचते का, याची पाहणी करतो. ती जवळपास नसेल तर रस्ता खोदावा लागतो आणि त्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थेची परवानगी लागते. या परवानग्यांसाठी केंद्र सरकारने २०१६ साली मार्गाधिकाराचे नियम केले. नव्या दूरसंचार कायद्याखालील २०२४ चे नियम १ जानेवारी २०२५ पासून त्यांच्या जागी आले. नियम असले तरी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका रस्ते खोदण्यास सहसा मनाई करतात. परिणामी मे महिन्यात मागणी नोंदवणाऱ्या कंपनीला पावसाळा संपेपर्यंत ताटकळत बसण्याची वेळ येऊ शकते.

केबल इमारतीच्या दारापर्यंत आली म्हणजे काम झाले असे होत नाही. ती तळमजल्यावरून कंपनीच्या मजल्यापर्यंत नेण्यासाठी उभ्या शाफ्टमध्ये जागा आणि इमारत व्यवस्थापनाची संमती लागते. काही इमारतींत ठरावीक पुरवठादारांनाच प्रवेश असतो. ही गोष्ट करारावर सही करण्यापूर्वी विचारली, तर घासाघीस करता येते. नंतर करता येत नाही.

खंडरहित सेवेसाठी दोन वेगवेगळ्या पुरवठादारांच्या वाहिन्या घेण्याची प्रथा आहे. मात्र दोन्ही केबली एकाच चरातून व एकाच शाफ्टमधून येत असतील, तर खोदकाम करणाऱ्या यंत्राच्या एका घावाने दोन्ही तुटतात. तेव्हा दुसऱ्या वाहिनीचा खर्च करूनही संरक्षण मिळत नाही. दोघांकडूनही मार्गाचा नकाशा मागून घेणे हा यावरचा साधा उपाय आहे. छतावरील रेडिओ जोडणी ही मार्गाने खरोखर वेगळी असल्यामुळे दुय्यम वाहिनी म्हणून उपयोगी पडते.

वाहिनी वेळेवर न मिळाल्यास मोबाइल जाळ्यावर चालणारे राऊटर तात्पुरते वापरतात. ईमेल व संकेतस्थळे पाहणे याने साधते. पण मोबाइल जाळ्यावर अनेक ग्राहकांमध्ये एकच सार्वजनिक पत्ता वाटून दिलेला असतो. त्यामुळे बाहेरून कार्यालयातील सर्व्हरपर्यंत पोहोचणे अथवा ठरावीक पत्त्यावरूनच चालणाऱ्या बँक सेवा वापरणे सहसा शक्य होत नाही.

जागेची तांत्रिक पाहणी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मिठी नदीलगतच्या परिसरासह मुंबईचा मोठा भाग पाण्याखाली गेला. तळघरात वा तळमजल्यावर सर्व्हर, बॅटऱ्या किंवा वीज वितरण फलक ठेवू नयेत हा धडा त्या दिवशी अनेक कंपन्यांना मिळाला. ऑक्टोबर २०१२ मधील सँडी वादळात न्यूयॉर्कच्या ७५, ब्रॉड स्ट्रीट या इमारतीत सर्व्हर वरच्या मजल्यांवर सुरक्षित होते, परंतु जनित्राला डिझेल पोहोचवणारी यंत्रणा तळघरात बुडाली. तेथील माहिती केंद्र चालू ठेवण्यासाठी कर्मचाऱ्यांनी बादल्यांतून डिझेल १७ मजले वर वाहून नेले. म्हणून पाहणी करताना सर्व्हर कोणत्या मजल्यावर आहे एवढे पाहून भागत नाही. त्याला लागणारी वीज, इंधन व केबल कोठून येते तेही पाहावे लागते. छतावरून वा शेजारच्या स्वच्छतागृहातून सर्व्हर कक्षावर पाण्याचे नळ गेलेले नाहीत ना, हे पाहणे तितकेच आवश्यक आहे.

वीजपुरवठ्याबाबत मंजूर भार, जनित्राची क्षमता आणि अर्थिंग हे तीन मुद्दे येतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व आसपासच्या परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला, तेव्हा शहरातील वीज सहसा जात नाही या समजावर विसंबलेली कार्यालये बंद पडली. भारतात अर्थिंगसाठी आयएस ३०४३ हे मानक आहे. अर्थिंग सदोष असल्यास उपकरणे अधूनमधून बंद पडतात आणि त्याचे कारण शोधण्यात आठवडे जातात. अखंड वीजपुरवठा यंत्राच्या, म्हणजे यूपीएसच्या, बॅटऱ्यांचे वजनही लक्षात घ्यावे लागते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास क्षमतेची एक शिसे-आम्ल बॅटरी साधारण ३० किलो वजनाची असते. अशा २० बॅटऱ्या एका मांडणीवर ठेवल्या की सुमारे ६०० किलोचा भार मजल्याच्या एका लहान भागावर येतो. अशा वेळी संरचना अभियंत्याचे मत घेतले जाते.

वातानुकूलनात एक अडचण हमखास नजरेतून सुटते. मोठ्या इमारतींची मध्यवर्ती वातानुकूलन यंत्रणा रात्री व रविवारी बंद ठेवली जाते, सर्व्हर मात्र चालूच असतात. संगणक कक्षासाठी अमेरिकेतील ॲशरे या संस्थेने १८ ते २७ अंश सेल्सिअस हे तापमान शिफारस केले आहे. सर्व्हर जेवढी वीज घेतात जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर टाकतात, आणि एक टन क्षमतेचे वातानुकूलन यंत्र साधारण ३.५ किलोवॉट उष्णता काढून घेते. या हिशेबाने कक्षासाठी स्वतंत्र यंत्रे बसवतात. एक बंद पडल्यास दुसरे चालावे म्हणून ती जोडीने घेतली जातात.

मोजदाद आणि परस्परावलंबन

उपकरणांची यादी बहुतेक कंपन्यांकडे असते. कोणते उपकरण कोणत्या दुसऱ्या उपकरणावर अवलंबून आहे, याची नोंद मात्र क्वचितच असते. हजेरीचे बायोमेट्रिक यंत्र पगारपत्रकाच्या प्रणालीला माहिती देते, पगारपत्रक लेखा प्रणालीला आणि लेखा प्रणाली बँकेला. ही साखळी ज्याने जोडली तो कर्मचारी नोकरी सोडून गेलेला असतो. कोपऱ्यात वर्षानुवर्षे चालू असलेला, कोणाच्याही नावे नसलेला जुना संगणक बंद करताच एखादा विभाग ठप्प झाल्यावर त्याचे महत्त्व कळते. त्यामुळे स्थलांतरापूर्वी काही आठवडे जाळ्यातील वाहतुकीची नोंद घेऊन कोणते यंत्र कोणाशी बोलते, याचा तक्ता तयार करतात.

लहान वस्तूंची यादी वेगळी करावी लागते. लेखा सॉफ्टवेअरचे परवाना डोंगल, संचालकांच्या डिजिटल स्वाक्षरीची यूएसबी टोकने, फायरवॉलचे पासवर्ड लिहिलेले पाकीट, रॅकच्या किल्ल्या या वस्तू खोक्यात पडून हरवतात. निविदा भरण्याच्या अखेरच्या दिवशी टोकन न सापडणे हे सर्व्हर बिघडण्याइतकेच महाग पडू शकते. या वस्तू वाहतूकदाराच्या हाती न देता एका जबाबदार व्यक्तीने स्वतःजवळ ठेवाव्यात, असा संकेत आहे.

कायदेशीर बंधनेही याच टप्प्यात तपासली जातात. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जतन कराव्या लागतात. नोंदी साठवणारा सर्व्हर हलवताना या मुदतीत खंड पडता कामा नये. कंपनी (लेखे) नियमांतील २०२२ च्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांची राखीव प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे बंधनकारक आहे. स्थलांतराचा शनिवार-रविवार त्याला अपवाद नाही.

केबल आणि वाय-फाय

तांब्याच्या केबलवरील इथरनेट जोडणीची कमाल लांबी १०० मीटर आहे. त्यांपैकी ९० मीटर भिंतीतील वा छतातील पक्की केबल आणि उरलेले १० मीटर दोन्ही टोकांच्या जोडतारा, असे गणित मानकांत धरलेले आहे. ही लांबी केबलच्या वळणावळणाच्या मार्गाने मोजायची असते. आराखड्यावर ६० मीटर दिसणारे अंतर छतातून वर जाऊन खांबांना वळसा घालत सहज ९० च्या पुढे जाते. मोठ्या मजल्यावर त्यामुळे दोन ठिकाणी स्विच कक्ष ठेवतात. कॅट ६ प्रकारची केबल प्रतिसेकंद १० गिगाबिटचा वेग साधारण ५५ मीटरपर्यंतच देते. पूर्ण १०० मीटरसाठी कॅट ६ए लागते. खोटे छत व गालिचे बसवल्यानंतर केबल बदलणे फार खर्चिक असल्याने येथे काटकसर करू नये, असे जाणकार सांगतात.

आयपी दूरध्वनी, कॅमेरे व वाय-फाय संच यांना केबलमधूनच वीज दिली जाते. २००३ च्या पहिल्या मानकात प्रत्येक जोडणीस १५.४ वॉट, २००९ च्या मानकात ३० वॉट आणि २०१८ च्या मानकात ९० वॉटपर्यंत वीज देण्याची सोय झाली. २४ जोडण्यांचा स्विच प्रत्येकी ३० वॉट देऊ लागला तर ७२० वॉट केवळ त्याच कामी लागतात. यूपीएसचा आकार ठरवताना हा भार विसरला जातो.

वाय-फायची पाहणी रिकाम्या जागेत केली तर फसगत होते. काचेच्या भिंती, लोखंडी कपाटे आणि माणसांची शरीरेही लहरी शोषतात किंवा परावर्तित करतात. म्हणून माणसे बसू लागल्यावर पुन्हा एकदा मोजणी करून संचांच्या जागा व वाहिन्या बदलतात.

जाळ्यातील पत्ते आणि डोमेन नावे

पुरवठादार बदलला की कंपनीचा सार्वजनिक आयपी पत्ता बदलतो. स्थलांतरातील हा सर्वांत अदृश्य आणि म्हणूनच सर्वांत त्रासदायक बदल होय. पगार व देणी थेट बँकेकडे पाठवणाऱ्या कंपन्यांचा आयपी पत्ता बँकेच्या अनुमत यादीत नोंदवलेला असतो. नवा पत्ता तेथे नोंदवण्यासाठी लेखी विनंती, अधिकृत स्वाक्षऱ्या आणि बँकेच्या अंतर्गत मंजुरीचा वेळ लागतो. महिनाअखेरीस स्थलांतर करणाऱ्या कंपनीचा पगार यामुळे अडकू शकतो. बिघाड तांत्रिक नसल्याने अभियंत्यांना तो दुरुस्तही करता येत नाही. शाखांना जोडणारे सुरक्षित बोगदे, पुरवठादारांच्या प्रणाली आणि ग्राहकांची फायरवॉल यांतही तोच जुना पत्ता बसलेला असतो. नवा पत्ता पुरवठादाराकडून आगाऊ मागून घेऊन जुन्यासोबतच सर्वत्र नोंदवून ठेवतात, म्हणजे बदलाच्या दिवशी दोन्ही चालतात.

कार्यालयातूनच ईमेल पाठवणाऱ्या कंपन्यांना आणखी एक पायरी असते. कोणत्या पत्त्यावरून आमचे ईमेल येतील हे डोमेनच्या नोंदीत जाहीर केलेले असते. ती नोंद, तसेच पत्त्यावरून नाव सांगणारी उलट नोंद, न बदलल्यास पाठवलेले ईमेल समोरच्याच्या स्पॅम कप्प्यात जातात. पाठवणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

डोमेन नावाच्या नोंदींना आयुर्मर्यादा असते. ती ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस, ठेवलेली असेल तर बदल केल्यानंतरही दिवसभर काही वापरकर्ते जुन्याच पत्त्यावर जात राहतात. त्यामुळे स्थलांतराच्या निदान एक दिवस आधी ही मर्यादा ३०० सेकंदांपर्यंत खाली आणतात आणि सारे स्थिरावल्यावर पूर्ववत करतात.

दूरध्वनी क्रमांक

मुंबई, ठाणे व नवी मुंबई यांचा ०२२ हा संकेतांक एकच असल्यामुळे फोर्टमधून ऐरोलीत गेल्यावर जुना स्थिर क्रमांक तसाच राहील, असा समज होतो. एक्सचेंजचे क्षेत्र बदलल्यास क्रमांकही बदलू शकतो. २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झालेली क्रमांक कायम ठेवून पुरवठादार बदलण्याची सोय मोबाइल क्रमांकांसाठी आहे. छापील कागदपत्रे व बँकांकडील नोंदी यांवरील क्रमांक बदलण्याचे काम म्हणून आधीच हाती घेतात.

स्थलांतराच्या पद्धती

सर्व काही एका सुटीच्या दिवशी हलवणे, विभागवार टप्प्याटप्प्याने हलवणे आणि नव्या जागेत नवी उपकरणे समांतर उभी करून केवळ माहिती नेणे अशा तीन पद्धती प्रचलित आहेत. पहिली स्वस्त पण धोक्याची आहे, कारण बिघाड झाल्यास परतण्याची वाट नसते. टप्प्याटप्प्याच्या पद्धतीत दोन्ही जागांना जोडणारी वाहिनी लागते. समांतर पद्धती सर्वांत सुरक्षित आहे, मात्र त्यात दुहेरी भाडे व दुहेरी उपकरणे यांचा खर्च येतो. व्यवस्थापन बहुधा भाडे वाचवण्यासाठी दोन जागांचा एकत्र काळ कमी करू पाहते. तो किती असावा यावरून वित्त व तंत्रज्ञान विभागांत मतभेद होतात. वाचणारे भाडे आणि एक दिवस काम बंद राहिल्याचे नुकसान हे दोन आकडे शेजारी मांडले की निर्णय सोपा होतो.

क्लाउड सेवांवर गेलेल्या कंपन्यांना सर्व्हर हलवावे लागत नाहीत. पण पूर्वी इंटरनेट बंद असतानाही कार्यालयातल्या कार्यालयात काम चालत असे. आता ते पूर्ण थांबते. क्लाउडमुळे स्थलांतराचा भार सर्व्हरवरून वाहिनीवर सरकतो, इतकेच.

प्रत्यक्ष स्थलांतर

वर्षानुवर्षे अखंड फिरत असलेली हार्ड डिस्क एकदा थांबली की पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते. म्हणून कोणतेही यंत्र बंद करण्यापूर्वी संपूर्ण राखीव प्रत घेतात आणि ती प्रत्यक्षात परत उघडून पाहतात. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत अन्यत्र हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम येथे पाळला जातो. मूळ यंत्र व त्याची राखीव प्रत एकाच टेम्पोतून नेत नाहीत.

माहिती वाहिनीवरून पाठवायची की डिस्कवरून न्यायची हा हिशेबाचा प्रश्न आहे. प्रतिसेकंद १०० मेगाबिट वेगाच्या वाहिनीवरून १० टेराबाइट माहिती पाठवण्यास नऊ दिवसांहून अधिक लागतात. तीच माहिती डिस्कवर घेऊन गाडीने तासाभरात शहराच्या दुसऱ्या टोकाला नेता येते, अर्थात ती कूटबद्ध केलेली असेल तरच.

बंद करण्याचा क्रम आधी उपयोजने, मग माहितीसाठे, मग साठवण यंत्रे व शेवटी जाळे असा असतो. सुरू करताना तो उलटा होतो. प्रत्येक डिस्कवर तिच्या खाचेचा क्रमांक आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावतात. सुटी करण्यापूर्वी रॅकची पुढून व मागून छायाचित्रे घेतात. दमट हवेतून आणलेली यंत्रे काही तास नव्या खोलीत तशीच ठेवून मग वीज जोडतात, अन्यथा आत साचलेल्या दवामुळे बिघाड संभवतो. ठरावीक वेळेपर्यंत, उदाहरणार्थ रविवारी दुपारपर्यंत, मुख्य प्रणाली सुरू न झाल्यास जुन्या जागी परतायचे, हा निर्णय कोण घेणार हे आधी लेखी ठरवलेले असते. थकलेल्या माणसांना तो त्या वेळी घेता येत नाही.

जुनी जागा रिकामी करणे

नव्या जागेत कामकाज सुरू झाल्यावर जुन्या जागेतील उरलेल्या सामानाकडे दुर्लक्ष होते. २०१६ साली मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी वित्तसंस्थेने आपली माहिती केंद्रे बंद करताना उपकरणांची विल्हेवाट लावण्याचे काम माहिती नष्ट करण्याचा अनुभव नसलेल्या, सामान हलवणाऱ्या कंपनीकडे सोपवले. काही उपकरणे ग्राहकांच्या माहितीसह पुढे इंटरनेटवरील लिलावात विकली गेली. या व संबंधित प्रकरणांत २०२० साली बँक नियामकाने ६ कोटी डॉलर आणि सप्टेंबर २०२२ मध्ये रोखे व विनिमय आयोगाने ३.५ कोटी डॉलर दंड केला. आयोगाच्या म्हणण्यानुसार सुमारे १.५ कोटी ग्राहकांची माहिती यात गुंतलेली होती. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हयगयीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

जुन्या डिस्क पुसणे वा भौतिकरीत्या नष्ट करणे आणि प्रत्येक अनुक्रमांकाचे प्रमाणपत्र घेणे ही रूढ पद्धत आहे. छायाप्रत यंत्रांतही डिस्क असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. भाड्याचे यंत्र परत करताना ती पुसून घ्यावी लागते. उपकरणे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे द्यावी लागतात. बॅटऱ्यांसाठी २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत.

जुनी वाहिनी स्थलांतरानंतर काही आठवडे चालू ठेवतात. ती बंद केल्यावर तिचा आयपी पत्ता पुरवठादार दुसऱ्या ग्राहकास देतो. डोमेनच्या नोंदीत किंवा एखाद्या ग्राहकाच्या अनुमत यादीत तो जुना पत्ता राहून गेला असेल, तर कंपनीच्या नावाने येणारी वाहतूक त्या अनोळखी ग्राहकाकडे जाते. वाहिनी बंद करण्याची सूचना देण्यापूर्वी जुन्या पत्त्यावर काही येते आहे का, हे तपासण्याचे कारण हेच आहे.